सात दारांचा चौक

भाचीनं बेलापूरला घर घेतलं आणि वास्तुशांतीला बोलावलं. पत्ता एवढाच: सेक्टर ८, आर्टिस्ट व्हिलेज. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी रिक्षा सोडली, पायी आत शिरलो, तर गल्लीला गल्ली फुटत गेली. दोनदा फिरून त्याच जागी आलो. शेवटी ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या एका मावशींना विचारलं. त्यांनी घराचा नंबर विचारला नाही, आडनावही विचारलं नाही. म्हणाल्या, “कुठल्या चौकात राहते ती? आंब्याच्या, की त्याच्या पुढच्या?”

मी हिंगोलीत गावाबाहेरच्या एका लेआउटमध्ये राहतो. आमच्याकडं पाहुण्यानं वाट विचारली की पहिला प्रश्न येतो, “प्लॉट नंबर किती?” मावशींचा प्रश्न ऐकून मी जागच्या जागी थबकलो. माणसाचा पत्ता चौकावरून सांगायची रीत मी लहानपणी पाहिली होती आणि नंतर पार विसरून गेलो होतो. त्या दिवशी पूजा झाली, जेवणं उरकली, आणि संध्याकाळपर्यंत मी त्या वसाहतीतल्या चौकांतून हिंडत राहिलो. एखादी कविता पुन्हा पुन्हा वाचावी तसा एकेका चौकात परत जात होतो. हे लिहिणं त्या वाचनाचंच आहे.

ही वसाहत चार्ल्स कोरिया यांची. १९३० साली त्यांचा जन्म सिकंदराबादचा, म्हणजे आमची हिंगोली ज्या निजामाच्या राज्यात होती, त्याच राज्यातला. मुंबईला खाडीपलीकडं नवं शहर हवं, हा विचार १९६५ च्या सुमारास त्यांनी, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मिळून मांडला. ते उभारायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीची काही वर्षं नव्या मुंबईचे प्रमुख वास्तुरचनाकार म्हणून कोरियांनी काम पाहिलं. बेलापूरची ही घरं १९८३ ते १९८६ मधली. सुमारे सहा हेक्टर जमीन, त्यावर सुमारे साडेपाचशे कुटुंबं, आणि एकही उंच इमारत नाही. जमीन महाग म्हणून उंचच गेलं पाहिजे, हा समज शहरात पक्का असतो. बैठ्या घरांतही दाट वस्ती बसते, हे इथं बांधून दाखवलेलं आहे. पण मला सांगायचं आहे ते घरांबद्दल फार नाही. घरांच्या मधे जे मोकळं ठेवलं आहे, त्याबद्दल आहे.

भाचीच्या घरी सुताराची टेप होती, ती मागून घेतली. तिचा नवरा हसला, पण टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. चौक भरला सव्वीस फुटांच्या आसपास, लांबीलाही आणि रुंदीलाही. कोरियांच्या आराखड्यातलं माप आहे साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. म्हणजे माप तेच. या चौकाभोवती सात घरं.

सव्वीस फुटांत काय होतं, ते चौकात उभं राहूनच कळतं. एका दारातली बाई समोरच्या दारातल्या बाईशी आवाज न चढवता बोलू शकते. चौकात पोर पडलं तर सात स्वयंपाकघरांतून दिसतं. कुणाच्या घरी चार पाहुणे आले तर ते सगळ्यांना दिसतात, पण घरात काय चाललंय ते दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा मधल्या फरशीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी काठीला हातही न लावता नुसतं “हाड्” म्हटलं आणि कावळा उडाला. वाळवण राखायला जेवढं अंतर चालतं, तेवढाच तो चौक आहे. दहा फूट जास्त असता तर आजींना उठावं लागलं असतं. दहा फूट कमी असता तर कुरडया सोडून दुसरं काही तिथं मावलं नसतं.

आणि सात हा आकडा. चौकाला बाजू चार, घरं सात; सात चारांत सारखे भागत नाहीत. घरं अशी थोडी मागंपुढं सरकून बसली आहेत की चौक खोक्यासारखा बंद होत नाही. एका अंगाला फट राहते आणि तिथून वाट आत येते. बाहेरून येणाऱ्याला चौक आधी दिसत नाही. तो वळतो आणि एकदम चौकात असतो. आत आलेल्या अनोळखी माणसाला आपण कुणाच्या तरी अंगणात उभे आहोत हे लगेच जाणवतं. मला जाणवलं. कुणी हटकलं नाही, पण मीच आपणहून म्हणालो, “नव्या घरी पाहुणा आलोय.” तिथं पाटी नव्हती, फाटक नव्हतं, पहारेकरी नव्हता. मोजून ठेवलेल्या मोकळ्या जागेनं मला माझी ओळख सांगायला लावली.

माझं लहानपण हिंगोलीच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यात गेलं. दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीचं माळवद. मोठ्या दारातून आत आलं की ढाळज, ढाळजेतून पुढं चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना ओसरी, कोपऱ्यात आड आणि मधे तुळस. लहानपणी हा चौक मी पावलांनी मोजला होता. खणांच्या हिशेबात तो पाच खणी होता, म्हणजे बेलापूरच्या चौकाच्या जवळपास तेवढाच. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी चौकाकडं कुणी फिरकत नसे. पण संध्याकाळी फरशीवर पाणी मारलं, दिवस मावळला की दगड दिवसभराची ऊब वरच्या उघड्या आभाळात सोडून द्यायचा, रात्री गार हवा खाली उतरून चौकात साचायची आणि पहाटेपर्यंत ओसरीला पुरायची. पंखा नसलेल्या घराला तो चौक श्वास देत होता. कोरिया ज्याला उघड्या आभाळाखालची जागा म्हणत आणि जन्मभर ज्याच्यावर लिहीत राहिले, ती हीच. आपल्या हवेत दिवसाच्या आणि वर्षाच्या कितीतरी वेळी माणसाला छपराची गरज नसते, असं त्यांचं सांगणं. बाहेरची जागा ही सुद्धा एक खोलीच आहे आणि ती बांधायला सगळ्यात स्वस्त.

पण त्या वाड्याची आठवण नुसती गोड करून सांगणं खरं होणार नाही. त्या चौकाला मालक होता. शेतातला गडी ढाळजेत थांबायचा. धान्य घ्यायला आलेला बलुतेदार चौकाच्या कडेला उभा राहायचा, आणि काही माणसं मोठ्या दाराच्या आत कधी आलेली मी पाहिली नाहीत. का येत नाहीत हे विचारायची अक्कलही तेव्हा नव्हती. माझ्या आजीचं सगळं आयुष्य चौकाच्या आतल्या अंगाला गेलं. ढाळजेत पुरुष बसलेले असताना ती तिकडं फिरकली नाही. चौक थंड होता, सुंदर होता, आणि कोण कुठपर्यंत येईल हेही तोच ठरवत होता.

बेलापूरमधलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथं आहे. कोरियांनी वाड्याचा चौक घेतला, त्याचं माप घेतलं, त्याचं उघडं आभाळ घेतलं, आणि त्याचा मालक वगळला. चौकाभोवतीची सात कुटुंबं एकमेकांची कुणी नाहीत. मूळ योजनेत वेगवेगळ्या उत्पन्नाची घरं एकाच वसाहतीत बसवायची होती, म्हणून घरांचे प्रकार वेगळे ठेवले, पण भूखंड मात्र ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतच. मोठ्याला फार मोठं नाही, लहानाला फार लहान नाही. चौकात मग सातही दारं सारख्या हक्कानं उघडतात.

दुसरी गोष्ट कागदावर किरकोळ दिसते: कुठल्याही दोन घरांत सामायिक भिंत नाही. ज्यानं जुन्या गल्लीत दिवस काढलेत त्याला याची किंमत सांगायला नको. सामायिक भिंतीवर एक वीट चढवायची तर शेजाऱ्याची संमती लागते, आणि संमती न मिळाल्यानं कोर्टात वर्षानुवर्षं चाललेले दावे आमच्या गल्लीत होते. बेलापूरला प्रत्येक घर आपल्या पायावर उभं आहे. मुलगा मोठा झाला, सून आली, खोली वाढवायची आहे, तर शेजाऱ्याला न दुखवता वाढवता यावी, ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवलेली. गवंडी नेहमीचा, विटांच्या भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर. जिथं भांडण होऊ शकतं तिथं माणसं वेगळी ठेवली आणि जिथं भेट होऊ शकते तिथं एकत्र आणली.

आता या चौकातून बाहेर पडू. सात घरांचे असे तीन चौक मिळून एक मोठा चौक होतो, साधारण बारा मीटरचा, एकवीस घरांचा. एकवीस घरांचे तीन गट मिळून त्याहून मोठा, साधारण वीस मीटरचा, त्रेसष्ट घरांचा. त्याच्याही पुढं शाळेसारख्या सगळ्या वस्तीच्या जागा. वसाहतीच्या मधून एक ओढा जातो आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी वाहून नेतो. कोकणातल्या पावसाला वाट ठेवली नाही तर तो आपली वाट आपण काढतो, हे इथं मानलेलं दिसतं. मराठवाड्यात आमची लेआउटं नेमकी ओढ्या-नाल्यावर भराव घालून उभी राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सात, एकवीस, त्रेसष्ट. चालताना ही गणितं आठवत नाहीत, पण पाय ओळखतात. लहान चौकात मी हळू चालत होतो, कुणी तरी पाहतंय या जाणिवेनं. बारा मीटरच्या चौकात पावलं सैल पडली. तिथं दोन मुलं सायकल शिकत होती आणि त्यांची घरं त्या चौकातली नसावीत, कारण कुणी त्यांना नावानं हाक मारली नाही. वीस मीटरच्या चौकात मी वाटसरू झालो. आपल्या भाषेत यासाठी आधीपासून शब्द आहेत: अंगण, चौक, पटांगण. तिन्ही मोकळ्याच जागा, पण अंगणात चप्पल काढावीशी वाटते, चौकात थांबावंसं वाटतं आणि पटांगण ओलांडायचं असतं. बेलापूरच्या नकाशात हे तीन शब्द तीन मापांत उतरले आहेत. नगरपालिकेच्या मंजुरीच्या कागदावर मात्र एकच शब्द असतो, “खुली जागा”. लोक म्हणतात “ओपन स्पेस”. शब्द एकच उरला, त्याबरोबर मापही एकच उरलं.

मापाबद्दल बाहेरच्या अभ्यासकांनीही पुष्कळ विचार केला आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ १९७७ मध्ये आलं. वस्तीतला चौक आपल्याला वाटतो त्याहून लहान ठेवावा, सत्तर फुटांच्या पुढं नेऊ नये, नाही तर तो ओसाड वाटतो, असा त्यातला सल्ला आहे. डेन्मार्कच्या यान गेल यांनीही वीस-पंचवीस मीटरच्या आतच समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव वाचता येतो, हे धरून सार्वजनिक जागांचा विचार केला. बेलापूरचा तिसरा चौक वीस मीटर, म्हणजे साधारण पासष्ट फूट. तिथंही समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो. आमच्या हिंगोलीचं रामलीला मैदान याच्या कितीतरी पट मोठं आहे आणि ते तसंच हवं. दीडशेहून अधिक वर्षांच्या परंपरेच्या दसऱ्याला तिथं सारा जिल्हा लोटतो. पण मैदानाला जत्रा लागते. साठ-सत्तर घरांच्या वस्तीला मैदानाच्या ढंगाची जागा दिली तर ती भरायला वर्षाकाठी एक गणपती उरतो, आणि बाकीचे दिवस तिथं काँग्रेस गवत वाढतं.

या कामातल्या उण्या गोष्टीही दिसल्या. लहान चौक लख्ख झाडलेले होते. मोठ्या चौकात खेळ कमी आणि गाड्या जास्त. दुचाकी-चारचाकी घरोघर येतील हे मूळ रचनेनं गृहीत धरलेलं दिसत नाही. जागा जसजशी मोठी होते तसतशी ती कुणाची हे धूसर होतं आणि झाडणारा हात कमी होतो, हेही खरं. ज्या अल्प उत्पन्नाच्या माणसाचा विचार करून भूखंड लहान ठेवले, त्याला आज नव्या मुंबईत हे घर परवडणारं नाही. आणि कौलारू घरं? त्यांतली बरीच गेली. लोकांनी पाडून स्लॅबची दुमजली-तिमजली घरं बांधली, कुठं काचा, कुठं ग्रॅनाइट. भाचीचंही घर तसंच, तीन मजल्यांचं. वास्तुरचनेचे विद्यार्थी तिथं येतात आणि मूळ घर शोधत फिरतात, असं तीच म्हणाली.

माझ्या लेखी या कृतीची खरी कसोटी इथं लागली आणि ती कसोटीला उतरली. घरं बदलली, छपरं गेली, माणसं बदलली, पण मी हिंडलो त्या सगळ्या भागात सात घरांचा चौक जागच्या जागी होता. कुणी पायरी पुढं ओढली असेल, कुणी कुंड्या मांडल्या असतील, पण चौक कुणी गिळलेला नव्हता. कारण त्याला सात राखणदार आहेत. एकानं दोन फूट पुढं सरकायचं म्हटलं तर सहा दारांतून ते दिसतं, आणि त्या सहाजणांना चौक रोज लागतो. कोरियांनी बांधलं ते पुष्कळसं गेलं. त्यांनी बांधलं नाही ते टिकलं.

परत आल्यावर औंढ्याला गेलो. औंढा नागनाथ आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं ज्योतिर्लिंग. यादवकाळातलं देऊळ, भोवती मोठा प्राकार आणि मधे ऐसपैस फरसबंद आवार. लहानपणापासून शंभरदा गेलेला, पण या वेळी मी शिल्पं पाहिली नाहीत. मागं गेलो. नंदी देवळाच्या मागं आहे. कथा आपल्याला पाठ असते: नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, तिथल्या पुजाऱ्यांनी त्यांना हाकलून मागं पाठवलं, नामदेव मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, नंदी राहिला होता तिथंच. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान असलेली नर्सी इथून जवळच. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि देऊळ फिरल्याची हकीकत त्यांतही येते.

मी त्या मागच्या फरशीवर बराच वेळ बसलो. भक्तीची ही कथा आहेच. पण जागा कशी घडते, याची इतकी नेमकी कथा दुसरी मला माहीत नाही. एकाच आवारात पुढची बाजू मानाची आणि मागची हाकलून दिलेल्यांची होती. फरशी तीच, आभाळ तेच. माणूस मागं बसून गाऊ लागला, दार त्याच्याकडं वळलं, आणि मागची बाजू पुढची झाली. मोकळ्या जागेला तोंड लागतं. दारं तिच्याकडं वळलेली असतील तर तिचं अंगण होतं, आणि पाठी वळलेल्या असतील तर उकिरडा.

आमच्या लेआउटची खुली जागा उकिरडा झाली आहे. चार एकरांचं लेआउट. प्लॉट पाडून झाल्यावर नाल्याकडं जो तिरपा तुकडा उरला तो नियमाप्रमाणं दहा टक्के म्हणून दाखवला गेला. भोवतीच्या सगळ्या घरांचे मागचे कंपाउंड त्या जागेकडं. एकाही घराचं दार तिकडं उघडत नाही. लोखंडी जाळी आहे, सिमेंटचे दोन बाक आहेत, वाळून गेलेल्या रोपांचे खड्डे आहेत. बाकांवर मी कधी कुणाला बसलेलं पाहिलं नाही, कारण बसलेला माणूस कुणालाही दिसत नाही आणि त्यालाही कुणी दिसत नाही.

मी एक हिशेब मांडला, तो इथं देतो. चार एकर म्हणजे सुमारे १६,२०० चौरस मीटर. त्याचे दहा टक्के सुमारे १,६०० चौरस मीटर. बेलापूरच्या मापानं ६३ घरांना सात-सात घरांचे नऊ चौक लागतात, ते ५७६ चौरस मीटर. एकवीस घरांचे तीन चौक, ४३२. सगळ्यांचा एक मोठा चौक, ४००. बेरीज १,४०८. आणि चार एकरांत रस्ते वजा जाता तीस बाय पन्नासचे ६३ प्लॉट बसतात. म्हणजे जास्तीची एक फूटही जमीन न देता, कायद्यानं जी सोडावीच लागते त्याच जमिनीत, हिंगोलीत ही सगळी रचना होऊ शकते. राज्याची बांधकाम नियमावली चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीला दहा टक्के खुली जागा मागते, पण तिचा कल एकसंध मोठ्या तुकड्याकडं आहे. लहान चौक मोजणीत धरायला नगररचना विभागानं वाट काढायला हवी. त्यात अवघड काही नाही.

झाडांचीही निवड आपल्या हवेची हवी. लॉन आणि पाम आमच्या उन्हात आणि आमच्या पाण्यात जगत नाहीत. सात घरांच्या चौकाला एक लिंब पुरे, पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे उन्हाळ्यातली तिसऱ्या प्रहराची उन्हं तो अडवेल. त्याखाली दगडी पार, बसल्यावर पाय टेकतील एवढ्याच उंचीचा. फरशी शहाबादी, तिला उतार एका कोपऱ्याकडं, आणि त्या कोपऱ्यात शोषखड्डा. एवढं केलं की बाकीचं माणसं करतात.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, पाचही तालुक्यांच्या गावांभोवती काळ्या रानात रोज नवी लेआउटं पडत आहेत. ज्यांच्या जमिनी आहेत आणि जे इंजिनियर नकाशे काढतात, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: कागदावर पहिली रेघ चौकाची मारा, मग प्लॉट पाडा. एकदा बेलापूरला जाऊन या, टेप घेऊन जा.

मी माझ्यापुरतं एक केलं आहे. दिवाळीच्या आधी मागच्या कंपाउंडची भिंत फोडून खुल्या जागेकडं उघडणारं तीन फुटांचं फाटक बसवलं आणि बाहेर एक ओटा बांधला. शेजारच्या दोन घरांनी गवंड्याचा नंबर माझ्याकडून नेला आहे. लिंबाचं रोप लावलंय, त्याला आता सहा पानं आहेत.